पॅरिसचा हवामान करार अन् अचलपूरचा कापूस: देशाच्या तिजोरीवर आणि आपल्या खिशावर नेमका काय परिणाम होणार?

२०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा असेल तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करणं आलं. सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, मग स्लॉट बुकिंग. अचलपूर, परतवाडा, चांदूर बाजार भागातल्या कास्तकाराच्या घरात असं काम साहजिकच कोणाकडे येतं? स्मार्टफोन हातात असलेल्या पोराकडे नाहीतर पोरीकडे. म्हणजे तुमच्याकडे.

आता एक पाऊल पुढचा विचार करा. आज ॲप विचारतं, "कापूस कोणाच्या वावरातला?" उद्या युरोपातला ग्राहक विचारणार आहे, "हा शर्ट ज्या कापसाचा, तो कुठे पिकला? सूत कातायला कोणती वीज लागली? किती कार्बन हवेत गेला?" आणि उत्तर नसेल तर माल महाग पडेल किंवा नाकारला जाईल.

ही विचारपूस सुरू झाली ती हवामान बदलावरच्या जागतिक करारातून. त्या कराराबद्दल आपण बातम्यांत फक्त "तापमान १.५ अंश" एवढंच ऐकतो. पण तापमानाआधी तो करार अर्थव्यवस्थेत घुसतो: टॅक्समध्ये, वीजबिलात, कर्जात, निर्यातीत. कसा, ते एकेक करून पाहू.

करार नेमका आहे तरी काय?

१२ डिसेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये जवळपास सगळ्या देशांनी मिळून हा करार मान्य केला. भारताने २ ऑक्टोबर २०१६ ला, म्हणजे गांधी जयंतीला, त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब केलं आणि ४ नोव्हेंबर २०१६ पासून तो लागू झाला.

कराराचं मुख्य काम सोपं आहे. प्रत्येक देशाने स्वतःचं टार्गेट स्वतः ठरवायचं, ते जगासमोर ठेवायचं आणि दर ५ वर्षांनी ते आणखी कडक करायचं. भारताने २०२२ मध्ये सुधारून दिलेली मुख्य आश्वासनं अशी:

- २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागे होणारं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्के कमी करायचं.
- २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता कोळसा, गॅस, डिझेल सोडून इतर स्रोतांची असावी.

याशिवाय २०७० पर्यंत 'नेट झिरो' गाठायचं, असं भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत जाहीर केलं आहे.

यातला ५० टक्क्यांचा टप्पा भारताने २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी ओलांडला. पण इथे एक गोम आहे. 'क्षमता' ५० टक्के झाली म्हणजे 'वीज' ५० टक्के झाली असं नाही. सूर्य रात्री मावळतो, वारा कधी पडतो. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणारी बहुतांश वीज आजही कोळशाचीच आहे. बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

दंड नाही, पोलीस नाही, मग परिणाम कसा होतो?

पॅरिस करारात टार्गेट चुकवलं म्हणून दंड नाही. अमेरिकेने तर दाराचं फिरतं दार केलं: २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये परत आत, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. मग अशा कराराला कोण भीक घालतो?

खरं सांगायचं तर करार स्वतः काही करत नाही. तो देशांना स्वतःच्या घरात कायदे करायला निमित्त देतो. आणि एका मोठ्या बाजाराने आपल्या घरात कायदा केला की त्या बाजारात माल विकणाऱ्या सगळ्यांवर तो आपोआप लागू होतो.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. १८६१ ते १८६५ दरम्यान अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडले. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही नॅरोगेज रेल्वे ब्रिटिश कंपनीने टाकली तीसुद्धा इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवण्याच्या हिशेबाने. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर संत्र्याचं घ्या. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं आणि अचलपूर-चांदूर बाजार-वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा भाव इथे आपटला. त्यात आपल्या बागायतदाराची काय चूक होती? काहीच नाही.

हवामान कराराचे परिणाम अगदी याच पद्धतीने येतात. त्यांचे चार रस्ते आहेत.

रस्ता पहिला: व्यापार

युरोपियन युनियनने २००५ पासून आपल्या कारखान्यांना कार्बनची किंमत मोजायला लावली आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड सोडायचा तर एक परवाना हवा. गेल्या काही वर्षांत या परवान्याचा भाव साधारण ६० ते १०० युरोच्या दरम्यान खालीवर होत राहिला.

तिथले कारखानदार म्हणाले, "आम्ही पैसे भरायचे आणि भारत-चीनचा स्वस्त माल फुकटात आत येणार?" त्यावर युरोपने सीमेवरच कार्बनचा हिशेब लावला. त्याचं नाव सीबॅम. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू झाला. सध्या यात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढंच येतं.

ढोबळ गणित करून पाहू. भारतात एक टन पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. परवान्याचा भाव ७५ युरो धरला तर २.५ × ७५ = १८७.५ युरो. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरा. टनामागे जवळपास १८,७५० रुपये झाले! प्रत्यक्षात एवढे लगेच लागत नाहीत, कारण युरोपातल्या कारखान्यांना अजून काही परवाने फुकट मिळतात आणि तेवढी सूट बाहेरच्या मालालाही मिळते. पण ती सूट दरवर्षी कमी करत २०३४ पर्यंत पूर्ण संपवायची आहे. म्हणजे बोजा वाढतच जाणार.

कोणाला फटका? युरोपला पोलाद आणि ॲल्युमिनियम विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना थेट. जालन्याच्या सळईचा बाजार मुख्यतः देशातलाच, त्यामुळे तिथे थेट झळ कमी. पण निर्यात अडलेलं पोलाद देशातच विकायला आलं तर इथले भाव दबतील. घर बांधणाऱ्याला बरं, सळईवाल्याला जड.

आता इथे एक महत्त्वाचा मुद्दा येतो, जो बहुतेक बातम्यांत सुटतो. सीबॅमच्या नियमात अशी तरतूद आहे की मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे भारतासमोर खरा प्रश्न "पैसे भरायचे की नाही" हा नाही. प्रश्न असा आहे की "पैसे ब्रुसेल्सच्या तिजोरीत भरायचे की दिल्लीच्या?"

म्हणूनच केंद्र सरकारने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आणली. यात प्रत्येक मोठ्या कारखान्याला टनामागे किती उत्सर्जन चालेल याचं टार्गेट मिळतं. टार्गेटपेक्षा कमी केलं तर क्रेडिट मिळतात, ती विकायची. जास्त केलं तर क्रेडिट विकत घ्यायची. यासाठी निवडलेल्या उद्योगांत सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खतं यांच्या बरोबरीने वस्त्रोद्योगही आहे. आणि इथून विषय आपल्या गल्लीत येतो.

कपड्यावर क्यूआर कोड

सीबॅममध्ये सध्या कापड नाही. पण युरोपने कापडासाठी दुसरं दार उघडलं आहे. १८ जुलै २०२४ पासून तिथे टिकाऊ उत्पादनांचा नवा कायदा लागू झाला. त्यात 'डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट' नावाची कल्पना आहे आणि कपडे हा त्याच्या पहिल्या यादीतला विषय आहे.

हे कसं चालणार? कपड्याच्या लेबलवर एक क्यूआर कोड. फोनने स्कॅन केला की कच्चा माल कुठला, कारखाना कोणता, पर्यावरणावर बोजा किती, कपडा पुन्हा वापरता येईल का, अशी माहिती समोर. नेमके कोणते रकाने भरायचे याचे नियम टप्प्याटप्प्याने येणार आहेत.

आपल्याकडेही याची तयारी चालू आहे. वस्त्रोद्योग मंत्रालय, सीसीआय आणि निर्यातदारांची संस्था टेक्सप्रोसिल यांनी 'कस्तुरी कॉटन भारत' हा ब्रँड आणलाय. त्यात कापसाच्या गाठीला क्यूआर कोड लागतो आणि जिनिंगपासून पुढचा प्रवास ब्लॉकचेनवर नोंदवला जातो. ब्लॉकचेन म्हणजे सोप्या भाषेत अशी वही, ज्यात एकदा लिहिलेलं मागाहून गुपचूप खोडता येत नाही.

अडचण कुठे आहे? गाठीच्या आधी. आपल्याकडे कापूस वेचला की बहुतेक वेळा खेडा खरेदीवाल्याला किंवा अडत्याला जातो. दहा कास्तकारांचा माल एकाच ट्रकमध्ये, एकाच ढिगात. जिनिंगच्या दारात पोचेपर्यंत कोणाचा कापूस कोणता, हे देवालाही सांगता येत नाही. क्यूआर कोड गाठीला लागेल, पण वावराचा पत्ता त्यात कुठून येणार?

ज्याचा माल एकट्याने ओळखता येतो त्याला पुढे जास्त भाव मिळू शकतो. मोठा शेतकरी, कंपनीशी करार असलेला गट, हे लोक तिथे सहज पोचतील. तीन-चार एकरवाला मागे राहील. पुराव्याचा खर्च छोट्याच्या डोक्यावर आणि हिरव्या लेबलचा नफा मोठ्याच्या खिशात, हा खरा धोका आहे.

नांदगाव पेठची गंमत

अमरावतीजवळ नांदगाव पेठला केंद्राच्या 'पीएम मित्र' योजनेतलं महाराष्ट्राचं टेक्सटाइल पार्क उभं राहत आहे. सुमारे १,००० एकरांवरच्या या पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली. योजनेचं घोषवाक्य पाच 'एफ'चं आहे: फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. म्हणजे वावरातून धागा, धाग्यातून कारखाना, कारखान्यातून फॅशन आणि शेवटी परदेश.

आणि त्याच नांदगाव पेठला १,३५० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्पही आहे. अकोल्याकडे पारसला महानिर्मितीचा ५०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. म्हणजे पाचवा 'एफ', फॉरेन, ज्या गोष्टीचा हिशेब मागणार आहे, ती चिमणी शेजारीच उभी!

याचा अर्थ पार्क फेल जाणार असा नाही. पण तिथल्या गिरण्यांना सौर किंवा पवन वीज विकत घेण्याची, छतावर पॅनल लावण्याची, बॉयलरमध्ये कोळशाऐवजी पऱ्हाट्यांच्या ब्रिकेट जाळण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. नाहीतर पाच 'एफ'मधले चारच चालतील.

अचलपूरला गिरणी बंद पडली की काय होतं हे वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. त्यामागे हवामान करार नव्हता, कारणं दुसरी होती. पण धडा तोच: जुनं तंत्र आणि नवा बाजार यांची गाठ सुटली की कामगाराच्या हाताला पहिली झळ बसते. देशभरात वस्त्रोद्योगावर थेट साडेचार कोटींच्या आसपास लोक जगतात, असं सरकारच सांगतं. म्हणून कापडाचा कार्बन हा फक्त पर्यावरणवाल्यांचा विषय राहत नाही.

रस्ता दुसरा: वीज आणि सरकारी तिजोरी

हिरव्या ऊर्जेचा एक फायदा सरळ आहे. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. गाड्या विजेवर गेल्या, वीज सूर्यावर गेली, तर हे डॉलर वाचतील. आखातात युद्ध पेटलं की इथे पेट्रोल महागणार, ही भीती कमी होईल.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा.

- पेट्रोलियम पदार्थांवरच्या करांतून आणि इतर मार्गांनी केंद्र व राज्यांना मिळून वर्षाला ७ लाख कोटी रुपयांहून जास्त मिळतात. गाड्या विजेवर गेल्या की हे पैसे आटणार. रस्ते, पगार, योजना यांसाठी दुसरा कर शोधावा लागेल.
- रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळपास निम्मा भार एकट्या कोळशाचा असतो. मालगाडीच्या कमाईवर प्रवासी तिकीट स्वस्त राहतं. कोळसा कमी झाला तर बडनेरा-मुंबई तिकिटाचं काय, हा प्रश्न गमतीचा नाही.
- पूर्व विदर्भात चंद्रपूर, नागपूर, यवतमाळच्या वणी पट्ट्यात कोळसा खाणींवर हजारो घरं चालतात. सोलर पॅनलचा कारखाना गुजरातेत निघाला तर वणीच्या खाण कामगाराला त्याचा काय उपयोग?
- सोलर पॅनलच्या जागतिक पुरवठा साखळीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा चीनचा आहे. म्हणजे तेलासाठी आखातावर अवलंबून होतो, ते आता पॅनलसाठी चीनवर. देशात पॅनल बनवायला प्रोत्साहन देण्यामागे हेच कारण आहे.

आता घरातलं बघू. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्केच भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मध्ये शेतीचे फीडर सौर विजेवर चालवायचं १६,००० मेगावॉटचं उद्दिष्ट आहे. घरासाठी 'पीएम सूर्यघर' मधून ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या पॅनलला ७८,००० रुपये अनुदान मिळतं.

मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला दिवसा वीज मिळण्याची किंमत विचारा. रात्री बारा वाजता बिबट्याच्या अन् सापाच्या भीतीत ओलित करणं थांबतं, हा फायदा कुठल्याच जीडीपीत मोजला जात नाही. शिवाय शेतीला स्वस्त वीज देण्यासाठी महाराष्ट्रात उद्योगांकडून जादा दर घेतला जातो. शेतीची वीज सौर झाली तर तो बोजा उतरू शकतो आणि गिरणीची वीज स्वस्त होऊ शकते.

तोटा? सौर पंपाला बिल नाही, म्हणून पाणी उपसायला आवरही नाही. वरुड-मोर्शी पट्ट्यात भूजल आधीच पाताळात गेलंय. फुकट ऊन आणि खोल विहीर ही जोडी जपूनच वापरायला हवी.

रस्ता तिसरा: मदत की कर्ज?

श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळून प्रगती केली. आजही माणशी उत्सर्जन पाहिलं तर भारत वर्षाला साधारण २ टन, तर अमेरिका १४ टनांच्या आसपास. म्हणून "ज्यांनी जास्त धूर केला त्यांनी जास्त भरावं" हे तत्त्व करारात आहे.

प्रत्यक्षात? २००९ मध्ये वचन दिलं होतं की २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर देऊ. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. विकसनशील देशांची मागणी होती १.३ लाख कोटी डॉलरची. भारताने तिथेच उभं राहून या निर्णयावर जाहीर नाराजी नोंदवली.

आणि यातला मोठा भाग अनुदान नसून कर्ज असतो. त्याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. २०१८ मध्ये सुरू झालेला 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प', ज्याला लोक 'पोकरा' म्हणतात. अमरावती, अकोल्यासह १५ जिल्ह्यांत शेततळी, ठिबक, शेडनेट, खारपाणपट्ट्यातली कामं यासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर दिले. चांगलं काम, पण तेही कर्ज. म्हणजे हवामान बिघडवलं दुसऱ्यांनी, दुरुस्तीचा हप्ता आपला. गरीब देशांच्या अर्थव्यवस्थेवर या कराराचा सर्वात कमी बोलला जाणारा परिणाम हाच आहे.

रस्ता चौथा: कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेतून पैसे?

हा भाग नीट वाचा, कारण याचे फोन आणि व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडेच येणार आहेत.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ दिला नाही किंवा हवेतून काढला, याचा दाखला. पॅरिस कराराच्या कलम ६ नुसार देश आणि कंपन्या असे दाखले विकत घेऊ शकतात. शेतकऱ्याने नांगरट कमी केली, झाडं लावली, रासायनिक नत्र कमी टाकलं तर त्यातून क्रेडिट तयार होऊ शकतं. नत्राचा मुद्दा छोटा नाही: युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट जास्त उष्णता धरतो.

मोजणी कशी होते? उपग्रहाचे फोटो, मातीचे नमुने, जीपीएसने आखलेली वावराची हद्द आणि ॲपवर भरलेली माहिती. मग त्रयस्थ संस्था तपासणी करते, मग नोंदणी, मग विक्री. या सगळ्यात वर्षं जातात आणि मधले सगळे आपापला वाटा घेतात.

हिशेब करून बघा. समजा एकरामागे वर्षाला १ क्रेडिट मिळालं, भाव १,००० रुपये आणि शेतकऱ्याचा वाटा ६० टक्के. तर एकरी मिळाले ६०० रुपये. कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे वर्षभराचं क्रेडिट म्हणजे साडेसात किलो कापूस! जोडधंदा म्हणून ठीक. पण "एकरी पन्नास हजार" सांगणाऱ्यापासून चार हात लांब.

शिवाय भाव पडू शकतो. पॅरिसच्या आधीच्या क्योटो करारातही अशीच क्रेडिट होती. २००८ च्या सुमारास ज्यांचा भाव २० युरोच्या वर होता, ती २०१२ च्या शेवटी एका युरोच्याही खाली आली. ज्यांनी त्या भरवशावर प्रकल्प उभे केले त्यांचे हात पोळले.

कोणी करार घेऊन आलं तर एवढं विचारा:

- करार किती वर्षांचा? मधेच सोडता येतो का? जमीन विकली तर काय?
- तपासणी कोणती संस्था करणार? नोंदणी कुठल्या रजिस्ट्रीत दिसेल, लिंक द्या.
- माझा वाटा किती टक्के, आणि तो एकूण विक्रीवर की खर्च वजा जाता?
- माझ्या वावराचा डेटा कोणाच्या मालकीचा?
- आधी पैसे, ओटीपी किंवा कोऱ्या कागदावर सही मागत असेल तर तिथेच नमस्कार करा.

करारच नसता तर?

"एवढी कटकट असेल तर करार हवा कशाला?" असं वाटणं साहजिक आहे. मग दुसऱ्या बाजूचं बिलही पाहायला हवं.

जागतिक बँकेने २०१८ मध्ये दक्षिण आशियावर एक अहवाल काढला. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर २०५० पर्यंत कोणत्या जिल्ह्यांचं राहणीमान सर्वात जास्त घसरेल, याची त्यात यादी होती. भारतातल्या पहिल्या दहा जिल्ह्यांपैकी सात विदर्भातले: चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, नागपूर, यवतमाळ आणि गडचिरोली. अमरावती त्या दहात नाही, पण यवतमाळ आणि वर्धा आपल्या बांधालाच लागून आहेत. ऊन जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही.

याचा खर्च आताही दिसतो. ऐन वेचणीत अवकाळी पाऊस, भिजलेला कापूस, कमी प्रतीचा भाव. आंबिया बहराच्या वेळी तापमान चढलं की संत्र्याची फळगळ. दुपारी काम करणं अशक्य झाल्याने बुडालेली मजुरी. हे पैसे कोणत्याही बजेटमध्ये 'हवामान कर' म्हणून लिहिले जात नाहीत, पण कास्तकार ते भरतोच आहे.

मग फायदा कोणाला, तोटा कोणाला?

थोडक्यात देशांचे गट पाडले तर चित्र असं दिसतं. चीनसारखे देश, जे पॅनल, बॅटरी बनवतात, ते फायद्यात. सौदी, रशिया यांसारखे तेल-वायूवर जगणारे देश चिंतेत. युरोप नियम बनवतो आणि त्या नियमांच्या आधारे आपला उद्योग वाचवू पाहतो. आफ्रिकेतले आणि बेटांवरचे गरीब देश, ज्यांनी धूर केलाच नाही, ते सर्वात जास्त भरडले जाणार.

भारत मधोमध आहे. तेल आयात करतो म्हणून फायदा, कोळशावर चालतो म्हणून त्रास, ऊन भरपूर म्हणून संधी, भांडवल महाग म्हणून अडचण. भारताला तोटाच होणार किंवा फायदाच होणार, असं एका वाक्यात सांगणारा व्हिडिओ दिसला तर पुढे स्क्रोल करा. आपल्यासाठी खरा प्रश्न देशाच्या आत आहे: फायदा कोणत्या जिल्ह्याला, कोणत्या माणसाला आणि खर्च कोणाच्या माथी?

पुढची दोन-तीन वर्षं कशावर लक्ष ठेवायचं?

१. युरोपच्या डिजिटल पासपोर्टमध्ये कपड्यासाठी कोणते रकाने येतात. शेतापर्यंतची माहिती मागितली तर कपास किसान, ई-पीक पाहणी आणि कस्तुरी कॉटन ही तीन खाती एकमेकांशी जोडावी लागतील. आज त्यांचा उद्देश वेगवेगळा आहे.

२. भारताच्या कार्बन बाजारात क्रेडिटचा भाव किती निघतो आणि त्यातून येणारा पैसा छोट्या गिरण्यांच्या सुधारणेला लागतो की नाही.

३. नांदगाव पेठच्या टेक्सटाइल पार्कला कोणती वीज मिळते.

४. शेतकरी उत्पादक कंपन्या. एकट्या तीन एकरवाल्याला पुराव्याचा खर्च परवडत नाही. गावातल्या शंभर जणांनी एकत्र येऊन वेगळी वेचणी, वेगळी गंजी आणि एकच नोंदवही ठेवली तर तोच खर्च वाटला जातो.

या चौथ्या मुद्द्यात तुमचं काम आहे. ज्या पोराला-पोरीला घरचा सातबारा ॲपवर चढवता येतो, त्यांना गावाच्या कापसाची नोंद ठेवणं अवघड नाही. कोणत्या वावरात कोणतं बियाणं, किती युरिया, किती ओलित, कधी वेचणी, एवढं एका साध्या शीटमध्ये तारखेसह लिहायला लागा. आज त्याला कोणी भाव देणार नाही. पण उद्या व्यापारी पुरावा मागायला दारात येईल, तेव्हा ज्याच्याकडे मागच्या तीन हंगामांची नोंद असेल तो भाव ठरवायला बसेल, आणि ज्याच्याकडे नसेल तो सांगितलेला भाव ऐकून घेईल.